आपत्तींतील संदेशवहन

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं सोलापूर हादरलें. भूकंपाचें केंद्र शहराच्या ईशान्येस, किल्लारीजवळ होतें. ५२ गांवें उद्ध्वस्त झालीं. हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. तत्कालीन भूकंप-नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत मोडत होता. ज्याची चाहूलच लागत नाहीं, अशा संकटासाठीं संदेशवहनाची तयारी करावी कशी?

ढिगाऱ्याखालील मनुष्याला पहिले कांहीं तासच मोलाचे असतात. मदत कोठें हवी हें कळलें नाहीं, तर सिद्ध असलेली मदतही रस्त्यांतच खोळंबते.

प्रथम सुचतो तो उपाय मजबुतीचा: मनोरे भक्कम बांधावे, तारा जमिनींत पुराव्या. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाहीं. भूकंपांतून वांचलेली तार पुरानें तुटूं शकते. अमेरिकेंत पॉल बॅरन ह्यांनीं १९६४ सालीं निराळी दिशा दाखविली. सर्व तारा एकाच केंद्रांत आणल्या, तर तें केंद्र पडतांच सारें जाळें मुकें होतें. उलट प्रत्येक ठिकाण अनेक शेजाऱ्यांशीं जोडलें, तर संदेश वळसा घेऊन पोंचतो. किमान लागणाऱ्या दुव्यांच्या तिप्पट-चौपट दुवे असले, म्हणजे मोठ्या हानींतही जाळें टिकतें, असें त्यांनीं दाखविलें. सोलापुरी चादरीचें एक सूत तुटलें म्हणून चादर कांहीं उसवत नाहीं, तसेंच हें आहे.

मात्र वाटा दिसावयास अनेक आणि मुळांत एकच, असेंही घडतें. दोन कंपन्यांचीं यंत्रें एकाच मनोऱ्यावर आणि एकाच विजेवर चालत असलीं, तर वीज जाऊन बॅटरी संपतांच दोन्ही गप्प होतात. म्हणून एकाच कारणानें बंद न पडणारे पर्याय हवेत: जमिनींतील तार, उपग्रह आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारें बिनतारी यंत्र. किल्लारीच्या वेळीं हौशी बिनतारी संदेशकांनीं आपद्ग्रस्त भागांतून निरोप पोंचविले, ते ह्याच मार्गानें.

ह्या कामांत घरोघरचाही वांटा आहे. संकटानंतर सर्वांनीं एकदम दूरध्वनि केले, म्हणजे शाबूत असलेलें जाळेंही कोंडतें. अशा वेळीं लहानसा लेखी संदेश धाडावा. परगांवचा एक नातलग आधींच ठरवून घरांतील प्रत्येकानें आपली खुशाली त्यालाच कळवावी. बातम्यांसाठीं बॅटरीवरचा रेडिओ जवळ ठेवावा. ऐकणारे लाखों झाले, तरी ध्वनिक्षेपणावर त्यांचा भार पडत नाहीं. अशा रीतीनें मोकळी राहिलेली वाट खऱ्या संकटांत सांपडलेल्याच्या हांकेला मिळते.