कर्करुग्णांचे पुनर्वसन
कर्करोगावरील उपचार चालू असताना व ते संपल्यानंतर रुग्णास शारीरिक, मानसिक, आर्थिक व सामाजिक दृष्ट्या शक्य तितके पूर्ववत जीवन जगता यावे, म्हणून केल्या जाणाऱ्या संघटित साहाय्यास ही संज्ञा लावतात. शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा व रासायनी चिकित्सा यांनी रोग आटोक्यात आला, तरी त्याचे व उपचारांचे परिणाम शरीरावर राहतात. त्यामुळे अर्बुद नष्ट होणे व रुग्ण पूर्ववत होणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

इतिहास : पूर्वी उपचारांचे यश मुख्यतः रुग्ण किती वर्षे जगला यावरून मोजत. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या टेरेसी लॅसर यांनी १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे तशाच इतर स्त्रियांना भेटून धीर देण्यास व व्यायाम शिकविण्यास प्रारंभ केला. ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाची ही चळवळ १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्या कार्यात समाविष्ट केली. स्वतः कर्करोगातून बचावलेले वैद्य फिट्झह्यू मलन यांनी १९८५ मध्ये एका लेखात रुग्णाच्या वाटचालीचे तीन टप्पे मांडले : निदान व उपचारांचा तीव्र टप्पा, उपचारांनंतरचा भीती व अशक्तपणा यांचा टप्पा आणि रोग पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता बरीच कमी झाल्यानंतरचा स्थिर टप्पा. यांपैकी दुसऱ्या टप्प्यात रुग्णालयाचा नित्य संबंध सुटतो. म्हणून त्या वेळी आधाराची गरज विशेष भासते.

शारीरिक पुनर्वसन : याचे स्वरूप रोगाच्या स्थानावर अवलंबून असते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसीका ग्रंथी काढल्यास हातावर सूज येऊ शकते. ती आवरण्यासाठी व्यायाम, दाब देणारी बाही व त्वचेस जखम होऊ न देण्याची दक्षता हे उपाय योजतात. भारतात तंबाखूच्या सेवनामुळे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. त्यावरील उपचारांनंतर जबडा आखडणे, तोंडास कोरड पडणे, गिळण्यास व बोलण्यास अडचण येणे हे त्रास होतात. जबड्याचे नियमित व्यायाम, दातांची निगा व वाक्‌-चिकित्सा यांचा त्यांवर उपयोग होतो. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णास अन्ननलिकेतून हवा सोडून बोलण्यास शिकवितात, विद्युत् उपकरण देतात किंवा श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये झडप बसवितात. या झडपेची पद्धत सिंगर व ब्लॉम यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलमार्ग केल्यास पिशवी वापरण्याचे शिक्षण द्यावे लागते.

बालरुग्णांचा प्रश्न निराळा असतो. काही औषधांचा हृदयावर व मेंदूवरील प्रारणांचा वाढीवर आणि शिक्षणावर होणारा परिणाम अनेक वर्षांनंतर दिसू शकतो. म्हणून त्यांची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी १९९१ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे.

मानसिक व सामाजिक बाजू : रोग उलटण्याची भीती प्रत्येक तपासणीच्या वेळी नव्याने जागी होते. ती दुर्बलतेचे लक्षण नव्हे. मात्र निद्रानाश वा विषण्णता टिकून राहिल्यास तज्ञाचा सल्ला आवश्यक असतो. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही गैरसमजामुळे रुग्णाची भांडी वेगळी ठेवणे, विवाहसंबंध नाकारणे, कामावर परत न घेणे असे प्रकार घडतात. ते टाळण्यासाठी रुग्णाइतकेच त्याच्या कुटुंबियांचे व मालकांचे प्रबोधन करावे लागते. त्याच व्याधीतून गेलेल्या व्यक्तीचे शब्द रुग्णास अधिक विश्वासार्ह वाटतात, या अनुभवावर स्वयंसाहाय्य गटांची उभारणी झाली आहे.

भारतातील कार्य : टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ मध्ये, तर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. बालपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने काम करतो. मुंबईस येणाऱ्या परगावच्या रुग्णांपुढील पहिला प्रश्न निवाऱ्याचा असतो. परळ येथील नाना पालकर स्मृती समिती व दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा या संस्था त्यांची अल्प खर्चात सोय करतात. रोग बरा होण्याजोगा नसल्यास वेदनाशमन व शुश्रूषा हेच साहाय्याचे स्वरूप उरते. त्यासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. कर्करुग्णास उपचारांसाठीच्या रेल्वेप्रवासात भाड्याची सवलत मिळते आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगावरील अनेक उपचारांचा खर्च भागविला जातो.

या सेवा मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. गावी परतलेला रुग्ण प्रवासखर्च व बुडणारी मजुरी यांमुळे पुढील तपासणीस येत नाही आणि उलटलेला रोग उशिरा ध्यानात येतो. त्यामुळे जिल्हा रुग्णालयांतून तपासणी, व्यायाम व समुपदेशन यांची सोय होणे, हा पुनर्वसनाचाच नव्हे, तर उपचारांच्या अंतिम यशाचाही भाग होय.