किल्लेदारच गाठला, तर तट काय कामाचा?

औसा आणि उदगीर येथील भुईकोट किल्ले रेणापूरच्या माणसाला परके नाहीत. तट कितीही भक्कम असला, तरी आज्ञा देणारा किल्लेदारच शत्रूच्या हाती सापडला की किल्ला पडायला वेळ लागत नाही. एचआयव्ही हा विषाणू मानवी देहात नेमके हेच करतो. त्याचे खरे स्वरूप समजून न घेतल्यामुळेच आपल्या समाजात त्याच्याविषयी माहिती थोडी आणि भय फार, अशी अवस्था आजही टिकून आहे.

रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-४ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मदतनीस पेशी असतात. त्या स्वतः फारशा लढत नाहीत. लढणाऱ्या इतर पेशींना जागे करणे, प्रतिपिंडे तयार करविणे हे त्यांचे काम. एचआयव्ही याच पेशींना चिकटतो, आत शिरतो आणि आपला आराखडा पेशीच्या गुणसूत्रांत कायमचा गुंफून टाकतो. मग तीच पेशी शत्रूच्या प्रती काढू लागते आणि अखेर नाश पावते. शरीर प्रतिपिंडे निर्माण करते हे खरे. परंतु विषाणू आपले रूप इतक्या वेगाने पालटतो की प्रतिपिंडे सदैव एक पाऊल मागेच राहतात.

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. उपचार न झाल्यास ही संख्या हळूहळू घटते. या घसरणीला बहुधा आठ-दहा वर्षे लागतात आणि त्या काळात माणूस वरकरणी धडधाकट दिसतो. संख्या २०० च्या खाली गेली की एड्सची अवस्था आली, असे मानतात. एरवी शरीर ज्यांना सहज रोखून धरते, ते जंतू तेव्हा उसळी घेतात. आपल्याकडे त्यांत क्षयरोग अग्रभागी आहे. वस्तुतः रोगी एचआयव्हीने थेट मरत नाही. उघड्या पडलेल्या दारातून आत शिरलेले रोग त्याचा बळी घेतात.

आज या शत्रूला आवर घालता येतो. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधोपचार सुरू केला. २०१७ पासून पेशींची संख्या कितीही असली, तरी निदान होताच औषध देण्याचे धोरण आले. औषधाने विषाणूची वाढ थांबते आणि सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात. रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदारापर्यंत पोहोचत नाही. मात्र काही पेशींत तो निद्रिस्त राहतोच; गोळ्या थांबताच काही आठवड्यांत तो पुन्हा डोके वर काढतो. म्हणून गोळी रोज आणि जन्मभर घ्यावी लागते.

खरी अडचण येथेच आहे. रेणापूरसारख्या गावात, जेथे कोण कोणत्या दवाखान्यात गेले हे सायंकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते, तेथे रोजची गोळी लपवून ठेवणे सोपे नाही. लपवाछपवीत गोळी चुकते आणि चुकलेल्या गोळ्यांमुळे औषधाला दाद न देणारा विषाणू बळावतो. म्हणजे शेजाऱ्यांची कुजबुज अखेर रोग्याच्या रक्तापर्यंत पोहोचते.

याच लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी 'सेवालय' उभारले. या मुलांनी गावच्या शाळेत बसण्यास २००९ साली विरोध झाला. एका बाकावर बसल्याने, एकत्र जेवल्याने किंवा हात हातात घेतल्याने हा विषाणू पसरत नाही, हे विज्ञानाने तोवर केव्हाच सिद्ध केले होते. पुढे २०१७ चा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. शिक्षण, नोकरी व उपचार यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. परंतु कायदा शाळेचे दार उघडू शकतो, बाकावरची जागा मात्र शेजारच्या मुलाने आणि त्याच्या आईबापांनीच द्यावयाची असते.

शरीरातील किल्लेदाराला औषध सावरते. ते औषध रोज, निर्धास्तपणे, चारचौघांत घेता यावे एवढा विश्वास गावाने द्यावयाचा आहे. त्यासाठी सरकारी अनुदान लागत नाही. जिभेला थोडा लगाम घातला तरी पुरे.