धर्माची गाय आणि तिचे दात

दसरा उलटला की आमच्या घरातला माळा बोलू लागतो. वर्षभर मुक्याने पडून राहिलेल्या वस्तू एकेक करून खाली उतरतात. झाकण हरवलेला थर्मास, चिरंजीवांना आखूड झालेल्या विजारी, वास्तुशांतीला आलेली चार भिंतीवरची घड्याळे, तळ गेलेली बादली. घामाघूम झालेली आमची सौ. पदराने कपाळ पुसत म्हणते, "अहो, हे सगळं कुणाला तरी देऊन टाकू." हा 'कुणाला तरी' कोण, कुठे राहतो, त्याला बिनझाकणाचा थर्मास कशाला हवा, हे मात्र आम्ही दोघेही विचारीत नाही. वाचकहो, आपल्या घरीही थोड्याफार फरकाने असेच होत असेल.

माझे बालपण लातुरात गेले. तेव्हा हा 'कुणी तरी' दारात येत असे आणि ती बाई असे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली बोहारीण! आई जुन्या कपड्यांचे गाठोडे सोडी आणि पायरीवर तासभर घासाघीस चाले. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरून पाही. "बाई, ही इजार गुडघ्यात विरली की! ही नको मला," असे म्हणून ती बाजूला टाकी. आईला राग येई. पण पातेले हवे असल्यामुळे ती एखादे बरे लुगडे पुढे सरकवी. ती बाई गरीब होती, पण तिला एक हक्क होता. 'नको' म्हणण्याचा. तो हक्क किती मोलाचा आहे हे मला पुढे फार वेगळ्या ठिकाणी कळले.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट व्हायची होती. चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. आमच्या गल्लीनेही कपडे जमवले. मी तेरा वर्षांचा होतो. कोपर फाटलेला माझा शाळेचा स्वेटर मी मोठ्या अभिमानाने गाठोड्यात टाकला आणि वडिलांबरोबर टेम्पोत बसून गेलो.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला कपड्यांचा ढीग पडला होता आणि त्यावर पाऊस पडत होता. एक म्हातारी तो ढीग काठीने उलथीपालथी करीत होती. तिच्या हाती शहरी झिरझिरीत साडी आली, मग पाय नसलेली विजार, मग झालरीचा फ्रॉक. नऊवारीत जन्म गेलेल्या त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारले, "लेकरा, ह्यातलं अंगावर घालावं असं एक तरी हाय का रे?" आमचे गाठोडे अजून टेम्पोतच होते. वडिलांनी ते सोडले नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला एवढेच सांगितले. आईने ट्रंक उघडली, आपली दोन धड लुगडी काढली, त्यांच्यावर चोळ्या ठेवल्या आणि माझा स्वेटर उसवून त्याची लोकर गुंडाळून ठेवली.

"धर्माची गाय, दात का गं नाहीत?" ही आपली म्हण घेणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी आहे. फुकट मिळाले ना, मग दात कसले पाहतोस! पण कठोपनिषदातला नचिकेता याच प्रश्नावर अडला. बाप यज्ञात दूध आटलेल्या, चारापाणी सुटलेल्या गाई दान करतो आहे हे त्या पोराने पाहिले, आणि पुढे यमाच्या दारापर्यंतची सारी कथा घडली. दात पाहावेत ते देणाऱ्याने, हाच त्यातला व्यवहार.

हा व्यवहार परदेशांत काही लोकांनी नीट बसवला. अमेरिकेत बोस्टन शहरी एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने १९०२ साली सधन घरांतून जुन्या वस्तू गोळा केल्या, गरिबांनाच मजुरी देऊन त्या दुरुस्त करवून घेतल्या आणि स्वस्तात विकल्या. 'गुडविल' संस्थेची ती सुरुवात. इंग्लंडमध्ये दुष्काळग्रस्तांसाठी १९४२ साली स्थापन झालेल्या 'ऑक्सफॅम'नेही महायुद्धानंतर लवकरच ऑक्सफर्डात असे दुकान काढले. देणारा वस्तू फुकट देतो, घेणारा थोडे पैसे मोजतो आणि ते पैसे सत्कार्याला जातात. पण मला यातली खरी खुबी वेगळी वाटते. दुकानात शिरलेला गरीब माणूस याचक नसतो, गिऱ्हाईक असतो. तो कपडा उजेडात धरू शकतो. बोहारणीचा तो हक्क त्याला परत मिळतो.

आपल्या देशात १९९९ साली अंशू गुप्ता यांनी घरातल्या ६७ कपड्यांपासून 'गूंज' हे काम सुरू केले. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी आपल्याच गावची विहीर खणावी, रस्ता बांधावा, तळे उपसावे आणि श्रमाचा मान म्हणून कपडे घ्यावेत, अशी त्यांची रीत आहे. आमच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात श्रीमंत आणि गरीब एकाच पंगतीत बसून तेच अन्न जेवतात. मार्ग वेगळे असले तरी घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, हे सूत्र एकच.

आमच्याकडे अशी दुकाने अजून रुळलेली नाहीत. शहराशहरांतून 'माणुसकीची भिंत' मात्र दिसते. तिच्यापाशी कपडे ठेवण्याआधी गृहिणींनी चार गोष्टी कराव्यात. कपडा धुवून, वाळवून, बटणे लावून द्यावा. साडीबरोबर परकर-पोलके द्यावे. चपलांची जोडी दोरीने बांधावी. वह्यांतली कोरी पाने काढून त्यांची नवी वही शिवावी. जे विरले त्याची गोधडी किंवा पायपुसणे करावे, ते दानात घालू नये. आणि वेळही साधावी. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे लेकराबाळांसह ऊसतोडीला जातात. फडाशेजारच्या पालात थंडी कडक असते. उन्हाळ्यात दिलेल्या घोंगडीपेक्षा आता दिलेल्या घोंगडीचे मोल अधिक.

यंदा आमच्या घरी तीन ढीग झाले. द्यायचे, दुरुस्त करायचे आणि भंगारात घालायचे. तिसराच सर्वांत मोठा निघाला याची थोडी लाज वाटली. आमच्या धाकटीने आपला न विटलेला निळा स्वेटर पहिल्या ढिगावर ठेवला. "अगं, हा तर चांगला आहे!" मी म्हणालो.

"म्हणूनच ना, बाबा," ती म्हणाली.