मोटारीच्या मागे सायकल नेताना



पावसाळा ओसरला की आपल्या भागातील मुले सायकली बाहेर काढतात. पेडण्यातील केरी-हरमलचा किनारी रस्ता, डिचोलीतील मये तलावाचा परिसर, नार्वेहून फेरीबोटीने पलीकडचे दिवाडी बेट अशा जागा सायकलीसाठी उत्तमच. पण तेथपर्यंत मुलांना महामार्गावरून सायकलने पाठवणे धोक्याचे आहे. म्हणून हल्ली काही पालक एसयूव्ही गाडीच्या मागे हिचवर बसणारा स्टँड लावून सायकली नेतात. कोणता स्टँड घ्यावा, अशी विचारणा होते. त्यासाठी हा लेख.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोव्यात मोटारीच्या मागे बहुतेक वेळा दुचाकीच असते. आपली सायकल सैल होऊन रस्त्यावर पडली, तर इजा आपल्याला नाही, त्या दुचाकीवाल्याला होईल. स्टँडची निवड ही केवळ सोयीची बाब नाही ती यामुळेच.

हिच म्हणजे काय?

हिच म्हणजे गाडीच्या मागील बाजूस सांगाड्याला बोल्टने पक्की केलेली लोखंडी चौकट. परदेशी पद्धतीत तिला चौकोनी तोंड असते, साधारण सव्वा इंची किंवा दोन इंची. त्यात स्टँडचा दांडा सरकवून खिळ लावतात. दुसऱ्या प्रकारात ५० मिलिमीटरचा गोळा असतो व स्टँड त्याला पकडून बसतो. एका प्रकारचा स्टँड दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून आधी हिच कोणती ते ठरवावे, मग स्टँड घ्यावा.

आपल्याकडील बहुतेक गाड्यांना कारखान्यातून हिच येत नाही, ती नंतर बसवावी लागते. बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी जो आकडा दिलेला असतो, तो म्हणजे हिच नव्हे. त्यावर स्टँड बसवू नये. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असते. क्रेटा, ब्रेझा यांची बॉडी व सांगाडा एकच असतो. दोहोंत हिच जोडण्याची जागा वेगळी. बंपरच्या पत्र्याला जोडलेली हिच कामाची नाही. गाडीच्या कंपनीला विचारूनच काम करावे, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न उद्भवणार नाही.

वजनाचा हिशेब

मोठ्या माणसाची गिअरची सायकल साधारण १५ किलो भरते, विजेवरची २० ते २५ किलो. समजा स्टँड १८ किलोचा आहे व त्यावर अशा दोन साध्या सायकली ठेवल्या, तर एकूण भार ४८ किलो झाला. हिचवर किती उभे वजन चालेल, हा आकडा कंपनीकडून घ्यावा, आणि स्टँडची मर्यादाही पाहावी. दोहोंपैकी जी कमी, ती आपली मर्यादा. खड्डा किंवा गतिरोधक आला की भाराचा धक्का कितीतरी वाढतो, तेव्हा मर्यादेच्या बरेच खाली राहावे.

थार व जिम्नी यांचे जादा चाक मागच्या दारावर असते. त्याला सोडून सायकल ठेवायची तर स्टँडचा दांडा लांब लागतो, आणि दांडा जितका लांब तितका हिचवर ताण जास्त. शिवाय ते दार बाजूला उघडते. स्टँड नुसता खाली झुकणारा असेल तर दार उघडेलच असे नाही.

टांगणारा की पाटाचा?

टांगणाऱ्या स्टँडवर सायकल वरच्या दांड्याने लटकते. तो हलका व स्वस्त, पण सायकली एकमेकींवर आपटतात. आडवा दांडा नसलेल्या मुलींच्या व लहान मुलांच्या सायकली त्यावर नीट बसत नाहीत, वेगळा जोडदांडा लागतो. पाटाच्या स्टँडवर चाके खाचेत उभी राहतात. तो जड व महाग, पण घरात लहानमोठ्या सायकली असतील तर तोच सोयीचा. कार्बनच्या सायकलीला फ्रेमवर चिमटा लावू नये. तिच्यासाठी चाक पकडणारा स्टँड पाहावा.

नियम आणि रस्ता

मागची नंबरप्लेट व दिवे झाकले जाता कामा नयेत. सायकल आडवी राहते. मोठ्या सायकलीची लांबी १७० ते १८० सेंटिमीटर असते, तर जिम्नीची रुंदी १६४.५ सेंटिमीटर. म्हणजे चाके बाजूंनी बाहेर येणार. मर्यादेबाहेर आलेल्या भारासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये दंड ठेवला आहे. हिच बसवण्यापूर्वी व स्टँड घेण्यापूर्वी वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. घरी रंगवलेली दुसरी नंबरप्लेट लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

फेरीबोटीच्या धक्क्यावर उतार असतो. तेथे गाडीचा मागचा भाग खाली जातो व स्टँड घासतो. चढ-उतारावर अगदी सावकाश जावे, एकाने खाली उतरून पाहावे. मागे घेताना सेन्सर व कॅमेरा सायकलीमुळे निकामी होतात, हेही विसरू नये. सायकलीचे टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आले तर उष्णतेने खराब होतात.

समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. वापर नसताना स्टँड काढून घरात ठेवावा, खिळीला ग्रीस लावावे.

निघण्यापूर्वी

१. खिळ व तिचे कुलूप लागले आहे का?
२. सायकल हाताने हलवली तर गाडीही तिच्याबरोबर हलते ना? नुसती सायकलच हलली तर पट्टे पुन्हा आवळावेत.
३. पट्ट्यांची मोकळी टोके बांधली का? चाकात गुंतू नयेत.
४. पाण्याची बाटली, पंप, सुटे सामान काढले का?
५. १० किलोमीटरवर थांबून सर्व पुन्हा तपासावे.

शेवटी एक साधा सल्ला. वर्षातून दोनचार वेळाच सायकल न्यायची असेल, तर स्टँडचा खर्च करू नये. मागची सीट दुमडून, सायकलीचे पुढचे चाक काढून ती आत आडवी ठेवावी. एक जुनी चादर अंथरली की काम झाले. चाक काढणे व बसवणे मुलांनाच शिकवावे. ते त्यांना आयुष्यभर उपयोगी पडेल.