तिशीतले पिंपल्स : नळी नको, केसपेपर काढा

मराठीत या आजाराला तारुण्यपीटिका म्हणतात आणि निम्मा घोळ या नावानेच केला आहे. नाव ऐकून वाटते, हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा त्रास, लग्न झाले की जातो. प्रत्यक्षात पंचविशीत, तिशीत, अगदी चाळिशीतही पिंपल्स येतात. काहींचे शाळेपासूनचे थांबतच नाहीत, तर काहींना आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बाळंतपणानंतर येतात. मोठ्या वयात हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. "या वयात कसले पिंपल्स?" असे घरचेच विचारतात. मग बाई ओढणीने तोंड झाकून कामाला जाते आणि शेजारणीने सांगितलेली नळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणते. विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत रक्तदाब, साखर यांबद्दल मोकळेपणी बोलणाऱ्या भगिनी चेहऱ्याबद्दल मात्र बैठक संपल्यावर, बाजूला घेऊन विचारतात. म्हणून यावेळचे आरोग्याचे पान आम्ही या विषयाला दिले आहे.

आधी हे होते कशाने ते पाहू. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. शरीरातल्या काही हार्मोन्समुळे हे तेल जास्त सुटते, मेलेल्या त्वचेचे कण त्यात मिसळून छिद्र बुजते, आत त्वचेवरचेच जंतू वाढतात आणि सूज येते. छिद्र नुसते बुजले तर काळा किंवा पांढरा ठिपका दिसतो, सूज आली तर लाल, दुखरी पुळी आणि खोलवर गेली तर गाठ. हे सगळे त्वचेच्या आत चालते, त्यामुळे दिवसातून पाच वेळा साबण लावून ते थांबत नाही. पिंपल्स आलेला माणूस अस्वच्छ असतो ही समजूत साफ चुकीची आहे. वस्तीत पाणी दिवसाआड येते म्हणून आपल्याला हे होते, असे मानणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगू.

मोठ्या वयात पिंपल्स बहुधा हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि मानेवर येतात आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतात. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, डोक्याचे केस विरळ होतात, वजन वाढते, अशी लक्षणे सोबत असतील तर पीसीओडीची तपासणी करून घ्यावी. अशा वेळी चेहऱ्याला कितीही मलम लावले तरी मूळ कारण तसेच राहते. याशिवाय काही कारणे आपल्या रोजच्या कामात असतात. डोक्याला भरपूर तेल लावून झोपल्यास कपाळावर बारीक पुळ्या येतात. हेल्मेटच्या पट्ट्याखाली, दिवसभर बांधलेल्या मास्कखाली घाम आणि घासण्यामुळे त्रास वाढतो. काही औषधांमुळेही पुळ्या येतात. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिड या गोळीने काही रुग्णांना असे होते. हे वाचून कोणीही टीबीच्या गोळ्या बंद करू नयेत. पुळ्यांवर उपाय आहे, अर्धवट सोडलेला टीबी मात्र जिवावर बेततो. डॉट्स केंद्रात सांगावे. तरुण मुलांच्या बाबतीत जिममध्ये मिळणारी पावडर आणि इंजेक्शने यांचीही चौकशी करावी.

खाण्याबद्दल फार बोलले जाते. जास्त साखर, मैदा, थंड पेये यांनी काही जणांचे पिंपल्स वाढतात, काहींना दुधाने त्रास होतो. "अंगात उष्णता आहे" म्हणून अंडी, मटण, आंबा सगळे बंद करण्याची मात्र गरज नाही. वस्तीतल्या बायकांचे रक्त आधीच कमी असते. त्यात चेहऱ्यासाठी पौष्टिक खाणे तोडणे परवडणारे नाही.

आणि नजर लागली, मागच्या जन्मीचे भोग आहेत, ही भाषा बाबासाहेबांच्या मागून धम्मात आलेल्या घरांत तरी नको. महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा आजार झाला होता, फोडांतल्या स्रावाने चीवर अंगाला चिकटत असे. भगवंतांनी ते पाहिले आणि खाज, पुळ्या, वाहते फोड असलेल्या भिक्खूंना औषधी चूर्ण वापरण्याची अनुमती दिली. त्या प्रसंगात पूर्वकर्माची चौकशी नाही, औषध आहे.

आता त्या नळीकडे येऊ. आमच्या मते खरे नुकसान पिंपल्सपेक्षा या नळीने होते.

मेडिकलमध्ये "चेहऱ्यासाठी काहीतरी द्या" म्हटले की अनेकदा हातात येते ते स्टेरॉइडचे क्रीम. लावल्यावर चार दिवसांत सूज उतरते, लाली जाते, चेहरा उजळ दिसतो. म्हणून ते बहिणीला, नणंदेला सांगितले जाते. वधू-वर परिचय मेळावा जवळ आला की मुलीच्या हातात हीच नळी दिली जाते, कारण पिंपल्स जातात आणि वर गोरेपणा येतो. दोन-तीन महिन्यांत चित्र उलटते. सगळीकडे एकसारख्या पुळ्या येतात, कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, उन्हात किंवा चुलीपुढे चेहरा पेटल्यासारखा जळतो. क्रीम थांबवले की सगळे दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा लावले जाते. ही सवय सुटायला महिने लागतात. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध आवाज उठवल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. कायदा आहे, पण काउंटरवर तो किती पाळला जातो हे आपण रोज पाहतो.

नळीवरचे नाव इंग्रजीत आणि बारीक असते. घरातल्या शिकणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड आहे. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' येते, हे लक्षात ठेवायला सोपे. 'झोल'ने संपणारी, उदाहरणार्थ क्लोट्रिमॅझोल, ही गजकर्णाची औषधे. पण गजकर्णाच्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते आणि घरात उरलेली तीच नळी चेहऱ्यावर फिरते. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, इसब किंवा सोरायसिसवर डॉक्टर ते मोजून देतात. पिंपल्सवरचे औषध मात्र ते नाही. ज्या भगिनी कित्येक महिने ते लावत आहेत त्यांनी पुढची नळी आणू नये आणि त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. थांबवल्यावर चेहरा उसळेल, घाबरून पुन्हा लावू नये.

पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या गोरेपणाच्या डब्या याहून वाईट. त्यांत पारा असू शकतो आणि पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीम वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा आजार आढळला होता. सावळ्या रंगाला आजार ठरवून विकली जाणारी वस्तू आपल्या घरात का यावी, हा प्रश्न आरोग्याच्या पानाबाहेरचा असला तरी आम्हाला तो विचारावासा वाटतो.

मग खरे औषध कोणते? सौम्य पिंपल्सवर बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के आणि अडापालीन ०.१ टक्का ही दोन जेल जगभर वापरली जातात. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू कमी करते. त्याने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून निळी साडी किंवा रंगीत उशी जपावी, पांढरा टॉवेल वापरावा. अडापालीन छिद्रे मोकळी करते. ते रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढे घेऊन सगळ्या त्रास असलेल्या भागावर पातळ लावायचे, फक्त पुळीवर टिपके द्यायचे नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा सुकते, सोलते, कधी पुळ्या थोड्या वाढतात. इथेच बहुतेकजण औषध सोडतात. अशा वेळी एक दिवसाआड लावावे, वर साधे मॉइश्चरायझर लावावे, पण सोडू नये. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. स्टेरॉइड चार दिवसांत गुण दाखवते आणि खरे औषध तीन महिन्यांत, म्हणून लोक फसतात.

गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर अडापालीन लावू नये, डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्यांच्यासाठी अॅझेलेइक अॅसिडचा पर्याय आहे, त्याने काळे डागही फिके होतात. क्लिंडामायसिन जेल मेडिकलवाले सर्रास देतात, पण ते एकटे लावत राहिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात. ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरावे. पुळ्या जास्त असतील तर डॉक्टर काही आठवड्यांसाठी डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गरोदरपणात ही गोळीही चालत नाही. पाळीशी जोडलेल्या त्रासावर हार्मोनच्या गोळ्याही आहेत, त्या तपासणीनंतरच द्यायच्या असतात.

गाठी आणि खड्डे पडणाऱ्या तीव्र पिंपल्सवर आयसोट्रेटिनॉइन ही गोळी फार चांगली लागू पडते. पण गरोदरपणात ती घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येते. उपचार चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करावी लागते. ओळखीच्या दुसऱ्या कोणाची उरलेली गोळी घेण्याचा हा प्रकारच नव्हे.

पुळ्या फोडू नयेत. आपल्या सावळ्या त्वचेवर पुळी गेल्यानंतरही काळा डाग कित्येक महिने राहतो आणि फोडलेल्या जागी तो जास्त गडद होतो, कधी खड्डाही पडतो. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी त्वचा भाजते. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, घासू नये. उन्हात काम असेल तर सनस्क्रीन किंवा निदान टोपी, पदर असावा.

दाखवायचे कुठे? खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी आणि त्यांनी लिहिलेली महाग फेसवॉशची यादी पाहून अनेकजण दुसऱ्यांदा जात नाहीत. त्याची गरजही नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेयो आणि मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी, या सगळ्या रुग्णालयांत त्वचा विभागाची ओपीडी आहे. तिथे नाममात्र दरात केसपेपर निघतो. विभागाच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असे लिहिलेले असते, ते वाचून लाजून परतू नये, तोच विभाग. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पगारातून ईएसआयची कपात होत असेल, कंत्राटी सफाई कामगारांनी हे जरूर पाहावे, तर कामगार आणि घरच्यांना ईएसआयच्या दवाखान्यातून त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवता येते.

ओपीडी सकाळची असते, एक दिवसाचा खाडा होतो. तो वाया जाऊ नये म्हणून आजवर लावलेल्या सगळ्या नळ्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. पाळीच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्या, दिवस राहण्याची शक्यता हे न विचारता सांगावे. रुग्णालयात जेल नसेल तर डॉक्टरांना कंपनीऐवजी औषधाचे मूळ नाव लिहायला सांगावे आणि आधी जनऔषधी केंद्रात विचारावे. औषध सुरू करण्याच्या दिवशी खिडकीजवळ उभे राहून मोबाइलवर चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवावा आणि महिन्याने त्याच जागी दुसरा. रोज आरशात फरक कळत नाही, फोटोत कळतो, आणि पुढच्या फेरीला डॉक्टरांनाही तो दाखवता येतो.