अर्धी अँटेना मातीत

कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटल्या की उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीच्या शिवारात उभी अँटेना लावायला हवी तेवढी जागा होते. मोकळं रान, खाली काळी माती. फक्त डोक्यावर विजेची तार नको. खांब कलंडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर आधी बघायचं. सरकारी परीक्षा देऊन परवाना आणि कॉल साइन मिळवलेला हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम, सगळा पसारा एका पिशवीत आणतो: एकात एक सरकणारा दहा मीटरचा फायबरचा खांब, तांब्याची वायर, केबल, बॅटरी आणि संच.

बघे खांबाकडे बघतात. जाणता हॅम आधी पायाखाली बघतो. उभ्या वायरीत प्रवाह चढतो तेवढाच जमिनीच्या बाजूनेही वाहावा लागतो, आणि तांब्यापुढे माती फारच कच्ची वाहक. काळी माती ओली असताना खडकाळ बरडापेक्षा पुष्कळ बरी; मे महिन्यात तिला भेगा पडल्या की ती मिजास संपते. म्हणून खांबाच्या बुडाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या वायरी पसरायच्या. यांना रेडियल म्हणतात. जमिनीवर टाकलेल्या रेडियलची लांबी काटेकोर नसली तरी चालते, संख्या मात्र मोजावी. चार लांब वायरींपेक्षा तेवढ्याच तांब्याच्या सोळा आखूड वायरी बहुधा जास्त कामाच्या. त्याच जमिनीपासून उचलून बांधल्या तर दोन-चारही पुरतात, पण मग प्रत्येकीची लांबी नेमकी हवी.

उभ्या वायरीचं गणित सोपं आहे. ७५ ला मेगाहर्ट्‌झने भागलं की पाव तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. त्यातून सुमारे पाच टक्के वजा करायचे. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी दहा मीटर, १४.२ साठी पाच. सुरुवातीला वायर थोडी जास्तच ठेवावी. साडेदहा मीटर घेतली आणि मीटरवर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ६.८ ला दिसला, तर वायर लांब आहे. १०.५ ला ६.८ ने गुणून ७.१ ने भागा: साधारण १०.०६. म्हणजे ४४ सेंटिमीटर कमी करायचे. कापू नये, टोक मागे दुमडून वायरीलाच गुंडाळावं. पुढच्या गावची माती वेगळी असते. केबलला हात लावताच आकडा हलला, तर केबलची जाळीच रेडियलचं काम करते आहे असं समजावं. बुडाशी केबलचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून काढले की हे बरंच आटोक्यात येतं.

नवखा फसतो तो पुढच्या टप्प्यावर. एसडब्ल्यूआर बरोबर १ आला की तो खूश होतो. पाव तरंगलांबीच्या वायरीचा स्वतःचा रोध साधारण ३६ ओहम, केबल ५० ओहमची. रेडियल अपुरे असले की मातीतले १४ ओहम त्यात मिळतात आणि बेरीज नेमकी ५० होते. मीटर शाबासकी देतो, पण १०० वॉटमधले २८ वॉट ढाणकीची माती तापवतात. रेडियल वाढवून हे नुकसान ४ ओहमवर आणलं तर बेरीज ४०, एसडब्ल्यूआर १.२५, आणि हवेत ९० वॉट. आकडा बिघडला, अँटेना सुधारली! माझ्या मते शिकवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

एवढी खटपट कशाला, असं मोबाइलवाल्याला वाटणारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी संदेशवहनाच्या मदतीला गेली होती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांच्या चमूने अंदमानातून निरोप पोचवले. अशा वेळी तासाभरात उभी राहणारी अँटेनाच कामाची.

पण उभ्या अँटेनाची लहर आकाशात फार वर न जाता क्षितिजालगत निघते. त्यामुळे १४ मेगाहर्ट्‌झवर दूरचे देश आवाक्यात येतात, आणि ७ मेगाहर्ट्‌झवर नागपूर नेमकं हातचं सुटतं. पुरात, भूकंपात तर आधी जिल्हा नि विभाग गाठायचा असतो. त्यासाठी खांब पाच-सहा मीटरवरच थांबवावा, दहा-दहा मीटरच्या दोन वायरी त्याच्या टोकावरून दोन्ही धुऱ्यांकडे उतरत्या बांधाव्यात आणि केबल मधोमध जोडावी. लहर सरळ वर जाते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात खाली येते. या जोडणीला रेडियल लागत नाहीत.