विश्लेषण : अमरत्व मिळाले, तारुण्य मागायचेच राहिले! कोण होता ट्रॉयचा राजपुत्र टिथोनस?

दरवर्षी नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली विणकर समाज त्यांना आपले मूळपुरुष मानतो. मृत्यूच्या दारातून परतलेल्या या मुलाची कथा शहराला नवी नाही. ग्रीक पुराणातही असाच मरणातून सुटलेला एक राजपुत्र आहे. त्याचा शेवट मात्र अगदी वेगळा झाला.

कोण हा टिथोनस?

ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याचा हा मुलगा. ज्याच्या काळात ट्रोजन युद्ध झाले, तो राजा प्रायम याचा भाऊ. पहाटेची देवी इऑस त्याच्या प्रेमात पडली आणि त्याला घेऊन गेली. इऑस आणि ऋग्वेदातील उषा ही नावे एकाच मुळातून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

चूक कुठे झाली?

टिथोनसला मरण येऊ नये, असा वर इऑसने झ्यूसकडे मागितला. तो मिळाला, पण सोबत तारुण्य मागायला ती विसरली. त्याचे केस पिकले, हातपाय हलेनासे झाले. अखेर इऑसने त्याला एका खोलीत ठेवून दार लावून घेतले. आतून फक्त त्याचे अखंड बोलणे ऐकू येई. पुढच्या कथांत तो सिकाडा, म्हणजे झाडावर किर्र आवाज करणारा किडा झाला.

मार्कंडेयांच्या कथेत वेगळे काय?

मृकंडू ऋषींपुढे शंकराने दोन पर्याय ठेवले : दीर्घायुषी पण मंदबुद्धी मुलगा किंवा गुणी पण 16 वर्षांचेच आयुष्य असलेला मुलगा. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. यम न्यायला आला, तेव्हा मुलाने शिवलिंगाला मिठी मारली. शंकराने यमाला रोखले आणि मार्कंडेय कायमचे 16 वर्षांचे राहिले. किती जगणार यापेक्षा कसे जगणार, याचा विचार इथे आधी झाला होता.

आज याचे काय?

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. आज ते 70 च्या घरात आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र ‘निरोगी आयुर्मान’ वेगळे मोजते आणि ते एकूण आयुर्मानापेक्षा कमीच भरते. मधली वर्षे आजारपणाची, परावलंबनाची असतात.

वर मागताना इऑस चुकली, ती चूक पुन्हा सुधारता आली नाही. पण दार लावणे ही तिची दुसरी चूक होती. आतल्या खोलीत एकटेच बोलत बसलेले आजी-आजोबा आपल्याही घरात असू शकतात. ते दार उघडणे आपल्या हातात आहे.